जुन्याची चूक

कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये एकट्याच बसून काळसेकर मॅडमनी चहाबरोबर बेसनाचा शेवटचा लाडू खाल्ला. चाळीस लाडू संपवायला त्यांना महिना लागला. नोकरीला वीस वर्षं झाली म्हणून त्यांनी चौदा सहकाऱ्यांना मेल करून दुपारी लाडू खायला बोलावलं होतं, आणि तिकडे चिटपाखरूही फिरकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जो भेटला तो हळहळला. प्राचार्यांनी तर कपाळाला हात लावला. "अहो मॅडम, मेल आलाच नाही हो!" उलट मॅडमच ओशाळल्या. मेल सर्व्हर त्यांच्याच ताब्यात. स्पॅम अडवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरनं आमंत्रण गिळलं असणार! हट्टाला पेटून त्यांनी नवं सॉफ्टवेअर मंजूर करून घेतलं.

आज दोन नवी सॉफ्टवेअर चाचणीला लावली होती. तुलना करायला त्यांनी जुन्याची महिन्याभराची नोंद उघडली आणि सगळ्यात आधी आपलं आमंत्रण शोधलं. ते अडवलेल्यांत नव्हतंच. चौदाही जणांना पोचलेलं, चौदाही जणांनी उघडलेलं. नऊ जणांनी तर वाचून झाल्यावर स्वतःच्या हातानं स्पॅममध्ये टाकलेलं. त्यांत पहिलं नाव प्राचार्यांचं.

तेवढ्यात त्यांचाच फोन आला. "मग मॅडम, कुठलं घ्यायचं ठरलं?"

मॅडमनी रिकाम्या डब्याला झाकण लावलं. "जुनंच राहू द्या, सर. त्याची काही चूक नव्हती."

"बरं, बरं," म्हणत प्राचार्यांनी घाईघाईनं फोन ठेवला.