शिंपिणीचा वेल

वेल काही केल्या ओढून येईना.

कुंडी रोपवालीच्या कडेवर, निम्मा वेल तिच्या खांद्यावर गुंडाळलेला आणि उरलेला शिंप्याच्या दुकानातल्या मोठ्या आरशामागे शिरलेला. तिने जरा जोर लावला तशी शिंप्याच्या बायकोने मान फिरवली.

"तुटला तर तुटू दे," ती म्हणाली. "अकरा वर्षं जीव लावला. फुलला एकदाच, आणला त्या वर्षी. माझ्याच हाताला गुण नाही, बाई. तुझ्याकडे तरी फुलेल."

एवढं बोलून ती मागच्या खोलीत इस्त्री करायला निघून गेली. इस्त्रीचे कपडे सकाळीच संपले होते.

शिंपी मशीनवर मान खाली घालून बसला होता. बायको हे दर वर्षी म्हणायची आणि तो दर वर्षी समजूत घालायचा, 'अगं, असतो एखादा वेल आडमुठा.' आज वेल घराबाहेर निघाला होता, आणि तो नुसतं मशीन चालवत राहिला.

रोपवाली पानं चाळत होती. जाड, मेण चोळल्यासारखी पानं; कीड नाही, धूळ नाही. पानाच्या बगलेत तिचं बोट अडलं. तिथे एक बारीक खुंट होता, अगदी सफाईने कापलेला. पुढच्या पानाशी दुसरा. मग तिसरा. वेलभर तेच.

"काका, हे देठ कोण कापतं?"

"मीच की," शिंपी जरा ऐटीत म्हणाला. "पानाशेजारून दोऱ्यासारखं काहीतरी निघतं आणि नुसतं लोंबत राहतं. आपल्या दुकानात लोंबता दोरा चालत नाही."

हे खरंच होतं. टेपशेजारी छोटी कात्री त्याच्या गळ्यात कायम असायची. कुणाच्या अंगावर सुटा दोरा दिसला की हात शिवशिवायचा. एकदा बँकेच्या रांगेत त्याने पुढच्या माणसाच्या कॉलरचा दोरा न विचारता उडवला होता आणि चारचौघांत बोलणी खाल्ली होती.

रोपवालीने आवाज खाली आणला. "काका, तो दोरा नाही. फूल त्याच्यावरच येतं. फुलं गळली तरी देठ ठेवायचा असतो, पुढच्या वर्षी परत तिथेच येतात."

मशीन थांबलं. शिंप्याने मागच्या खोलीकडे पाहिलं. अकरा वर्षं कापत तोच होता आणि समजूतही तोच घालत होता. नकळत का होईना, करून सवरून नामानिराळा.

"तिला तू सांगू नकोस," तो म्हणाला. "मी सांगतो. आधी वेल सोडवू."

त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला. आरशामागे एक खिडकी होती, दोन इमारतींमधल्या बोळाकडची. तिचा उजेड गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर यायचा, म्हणून त्याने तिच्यावरच आरसा बसवून टाकला होता. चार स्क्रू होते. त्याने ते फार सावकाश काढले. सांगणं तेवढंच लांबत होतं.

आरसा बाजूला झाला आणि दोघंही जागच्या जागी थबकली.

खिडकीभर फुलं होती. काचेला टेकलेले गुच्छच्या गुच्छ. एकेका गुच्छात वीस-पंचवीस चांदण्या, फिक्या गुलाबी, प्रत्येकीच्या पोटात आणखी एक लहानशी लाल चांदणी. शिंप्याने जन्मभर काजं, बटणं, बारीक टाके केले होते. पण इतकी रेखीव कड त्याने कधी पाहिली नव्हती. प्रत्येक फुलावर मधाचा एक थेंब होता, पडायच्या बेतात आणि पडत नव्हता.

आणि वास! तो तर त्याच्या ओळखीचा होता. दर उन्हाळ्यात दुकान बंद करताना बायको विचारायची, "आज कोण अत्तर लावून आलं होतं?" तो म्हणायचा, "कोण असणार? वकील." कोट शिवायला येणारा बिचारा वकील फुकटचा बदनाम झाला होता.

रोपवालीने एका देठावर नख ठेवलं. "हे वळे बघा. प्रत्येक बहराला देठ इतकासा वाढतो आणि एक वळा उमटतो. सात, आठ... नऊ."

शिंप्याने सवयीने गळ्यातली टेप देठाला लावली. सव्वा इंच. नऊ वर्षं, सव्वा इंचात. आजवर कुठल्या मापाने त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं.

"अगं," त्याने हाक मारली. "इकडे ये जरा."

ती आली आणि दारातच उभी राहिली. मग पुढे येऊन तिने एका फुलाखाली बोट धरलं. थेंब बोटावर उतरला.

"हे कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"नऊ वर्षं." शिंप्याने गळ्यातली कात्री काढून मशीनवर ठेवली. "बाकीचा वेल का फुलला नाही, सांगू? मी कापत होतो. दोरा समजून. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. माझा हात नडला."

रोपवाली कुंडीतली माती निरखायला लागली. बायकोची नजर गुच्छांवरून खिडकीच्या चौकटीकडे गेली, तिथल्या स्क्रूच्या चार भोकांकडे.

"आणि आरसा? आरसा इथे कोणी लावला होता?"

"मीच."

"मग झालं तर. ज्या हाताने कापलं, त्याच हाताने राखलंही," ती म्हणाली, आणि रोपवालीच्या कडेवरची कुंडी काढून तिने आपल्या कडेवर घेतली.