टाळी आणि झेल

माणसाचे हात मोकळे झाले ते झेल घेण्यासाठी, असं खेळाचे सर आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला सांगत आले होते. पहिलीचा वर्ग त्या वेळी मोकळ्या हातांनी नाक कोरत असे.

म्हणून सरांनी टाळी काढली. चेंडू हवेत गेला की आधी एक टाळी, मग झेल. टाळीसाठी हात नाकातून काढावे लागतात, एवढंच त्यामागचं शास्त्र. पुढे सरांना त्यात लय दिसू लागली, मग आत्मविश्वास, आणि निवृत्ती जवळ आली तसं तत्त्वज्ञान.

आज त्यांचा शेवटचा तास होता. उद्यापासून वर्ग नव्या बाईंचा. बाई याच मैदानावर, याच टाळीवर वाढलेल्या. आता प्रशिक्षण घेऊन, गळ्यात शिट्टी घालून परत आल्या होत्या.

खडूच्या गोलात मुलं उभी होती. सरांनी तोच जुना लाल चेंडू वर फेकला. रंग उडून तो आता विटेसारखा दिसत होता. टाळ्या कडाडल्या. चेंडू कुणाच्याच हाती लागला नाही. मुलं खिदळत त्याच्यामागे धावली.

"सर, राग मानू नका," बाई हळूच म्हणाल्या, "पण टाळी वाजवली की हात मिटतात. चेंडू येतो तेव्हा ते उघडे हवेत."

"तू पण अशीच शिकलीस."

"म्हणून तर मी धावण्यात गेले, सर."

सरांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. "म्हणजे उद्यापासून टाळी बंद?"

बाईंनी गळ्यातली शिट्टी उगाचच सरळ केली.

गोलाच्या कडेला दोन वेण्यांची एक मुलगी डोळ्यांवर हात घेऊन उभी होती. चेंडू दुसऱ्याकडे असला तरी ती आधीच घाबरून घेई. परत आलेला चेंडू घेऊन सर तिच्यासमोर कसेबसे उकिडवे बसले.

"ठमाबाई, चेंडू चावतो का गं?"

"नाही."

"मग वाजव टाळी."

तिने डोळे उघडून टाळी वाजवली. सरांनी अलगद टाकलेला चेंडू तिच्या पोटावर आपटला आणि घरंगळत गेला. ती आधी दचकली, मग खो खो हसली आणि "परत! परत!" म्हणत चेंडूमागे पळाली.

"बघितलंस?" शेजारच्या खांबाला धरून उठत सर म्हणाले. "भीती गेली."

"भीती गेली, सर. चेंडूही गेला."

सर हसले. मग घंटा झाली. मुलांनी रांगेत बेडूकउड्या मारत वर्ग गाठला. ठमाबाई तेवढी मागे मैदानातच रेंगाळली. सरांनी चेंडू खेळाच्या सामानाच्या खोलीत ठेवला. रबराचा, धुळीचा, ओल्या दोरखंडाचा तो वास त्यांनी एकदा पोटभर घेतला आणि कुलूप लावलं. पायरीवरून मैदानाकडे पाहिलं. खडूचा गोल पायांनी पुसून गेला होता. रोजच पुसला जाई, आणि रोज सकाळी ते नवा काढत.

"उद्या गोल जरा मोठा काढ," ते म्हणाले. "आताची पोरं अंगापिंडाने भरलेली आहेत."

"काढते, सर."

"आणि हे घे." त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि पायरीवरूनच बाईंकडे फेकला.

बाईंनी टाळी वाजवली.

जुडगा खळ्ळकन जमिनीवर पडला. ठमाबाई तोंडावर हात दाबून हसू लागली. बाई लाल झाल्या. सर मात्र मोठं पदक मिळाल्यासारखे ताठ उभे राहिले.

सरांच्या गुडघ्यांना आता पुन्हा वाकणं जमणारं नव्हतं, म्हणून किल्ल्या बाईंनीच उचलल्या.