चोपन्नवर नाबाद

"वाच," नाना म्हणाले आणि खाटेवर टेकून त्यांनी डोळे मिटून घेतले.

अलिजाच्या हातात दोन पानं होती, झेरॉक्सवाल्याकडून नुकतीच काढून आणलेली, अजून गरम. सकाळी कोलंबोत झालेल्या मॅचचा एकेक बॉल त्यांवर छापलेला होता. तिच्या मोठ्या बहिणीची, अफीफाची, ती परदेशातली पहिली मॅच. कामतघरच्या त्यांच्या गल्लीतून बॅट घेऊन समुद्रापलीकडे गेलेली ती पहिलीच. अब्बू नकोच म्हणत होते. "जाऊ दे पोरीला," हे एकच वाक्य नानांनी तीन दिवस लावून धरलं, तेव्हा कुठे अब्बूंनी क्लबच्या कागदावर सही केली.

मोबाईलवरचा स्कोअर नानांना चालत नसे. टूरचा स्कोअर कागदावरून कुणीतरी मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, हा त्यांचा लहानपणापासूनचा रिवाज. सत्त्याऐंशी वर्षांच्या आजोबांना कोण समजावणार?

दुपारी अफीफाचा मेसेज आला होता. 'पहिल्याच बॉलला बोल्ड. नानांना तूच सांग, माझ्याच्यानं होणार नाही.' अलिजा दहावीत, यंदाच्या वक्तृत्वाची ढाल तिच्याच नावावर. 'सांगते की, त्यात काय,' असं तिनं झोकात कळवून टाकलं होतं.

"पहिला बॉल," ती म्हणाली. भिंतीपलीकडे कापडाचे लूम खटखटत होते. नानांनी स्वच्छ पांढरी टोपी घातली होती. ऐकायला बसायचं म्हणून मुद्दाम.

"बाहेर होता. सोडून दिला."

"शाबास. नवीन जागा हाय, आधी बघून घ्यायचं. दुसरा?"

"कव्हरमधून. दोन रन."

"कव्हरला पोरगी नव्हती?"

"होती. ती केस बांधत होती."

"असं लिवलंय?"

"बारीक अक्षरात."

मेथी निवडता निवडता जुबैदा, अलिजाची अम्मी, दारात येऊन उभी राहिली. तिला खरं माहीत होतं. तिनं डोळे वटारले. अलिजानं तिच्याकडे बघितलंच नाही. आता थांबायचं म्हणजे अफीफाला आऊट करायचं, आणि ते काही तिला जमेना. एक चौकार गेला. एक रन निघाला. पाय वापरून एक सरळ बोलरच्या डोक्यावरून गेला, तेव्हा नानांचा हात चादरीवर हलला. तीस झाले, चाळीस झाले. पन्नासला नानांनी दोन टाळ्या वाजवल्या, अगदी हळू, मैदानात वाजवतात तशा.

"चोपन्न," अलिजा म्हणाली. तिचे गाल तापले होते.

"आणि टीमचे किती झाले?"

तिची नजर आपोआप पानाच्या तळाला गेली आणि तोंड तिच्या आधी बोलून मोकळं झालं.

"सगळे आऊट, सत्तेचाळीस."

नानांनी डोळे उघडले. अम्मी हातातल्या जुडीकडे बघत राहिली.

"टीमचे सत्तेचाळीस," नाना म्हणाले, "आणि आपल्या एकटीचे चोपन्न."

"हो," अलिजा म्हणाली, कारण दुसरं काय म्हणणार.

"पहिल्याच बॉलला आऊट?"

तिनं मान डोलावली.

"रडली काय गो ती?"

"माहीत नाही, नाना. मेसेज होता."

नानांनी नजर पंख्याकडे वळवली. अलिजाला वाटलं, आता हे टोपी काढून ठेवतील आणि भिंतीकडे तोंड करून झोपतील.

"शेचाळीस साली आपली टीम विलायतेला गेलेली," ते म्हणाले. "मी आठ वर्षांचा. माझे यहया चाचा बोटीवर भटारखान्यात कामाला. येताना तिकडचे पेपर घेऊन यायचे, दोन-दोन महिने जुने. ओट्यावर बसून वाचून दाखवायचे. अख्खा मोहल्ला गोळा व्हायचा. आणि आपला एकही गडी चहाच्या आधी आऊट व्हायचा नाही."

"एकही?"

"एकही. पुढं मी हायस्कुलात गेलो, इंग्रजी शिकलो. एक दिवस चाचांच्या पेटीतला तोच पेपर काढून बघितला. घोड्यांच्या शर्यती होत्या गो त्यात. ह्या पानावर घोडे, त्या पानावर घोडे."

अम्मीला हसू आवरलं नाही.

"म्हणजे चाचा खोटं वाचायचे?"

"चाचांना इंग्रजी कुठं येत होतं?"

"मग तुम्ही विचारलं नाही त्यांना?"

"बावन्नला टीम परत गेली. चाचा परत पेपर घेऊन आले." नानांनी टोपी नीट केली. "मी सगळ्यांच्या आधी जाऊन पुढं बसलो."



नाना पुन्हा खाटेला टेकले आणि त्यांनी डोळे मिटले.

"चोपन्न झालेले ना? पुढचा बॉल."

अलिजानं पानांची घडी घालून ती बाजूला ठेवली, घसा साफ केला आणि ती वाचायला लागली.