डेल्मर प्रुइटचं गाणं

क्लीटसने ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकलं, तेव्हा वेल्मा त्याच्यापुढे अंड्यांची बशी ठेवत होती. तिने मान वर केली नाही.

अमॅरिलोच्या वाटेवरच्या त्या खानावळीत डेल्मर प्रुइटची ती रेकॉर्ड हिवाळ्यापासून वाजत होती. ट्रक थांबला की गाणं सुरू. गाण्यात नवरा गाढ झोपलेला. बायको चुलीवरचं घेवड्याचं पातेलं उतरवून ठेवते, कुत्रं जागं होऊ नये म्हणून दार अलगद ओढून घेते आणि कायमची निघून जाते.

"असल्या बाईला नरकातसुद्धा जागा मिळू नये," क्लीटस म्हणाला. हे तो रोजच म्हणायचा.

"पण तो झोपला होता ना?" शेजारच्या म्हाताऱ्या ओटिसने विचारलं. "मग पातेलं उतरवलेलं त्याला दिसलं कुठून?"

"गाणारी माणसं ती, बाबा. त्यांना सगळं दिसतं. तू खा गुमान."

वेल्माने कपात कॉफी ओतली. ती बाई म्हणजे आपणच, हे तिने इथे कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगून काय होणार? डेल्मरची दारू, गहाण पडलेली गिटार, उपाशी काढलेल्या रात्री, यातलं काहीच गाण्यात नव्हतं. गाण्यात तो बिचारा होता आणि लोकांना तो तसाच आवडत होता.

मार्चमधल्या एका दुपारी तो स्वतःच दारात उभा राहिला. पांढरी टोपी, कोरे बूट.

क्लीटसने उठून त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "साहेब, फार वाईट वागली हो ती तुमच्याशी."

"तिला काही बोलू नका," डेल्मर म्हणाला.

क्लीटसच्या डोळ्यांत पाणी आलं.

डेल्मर कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसला. वेल्मा कॉफी घेऊन गेली.

"बरी आहेस?"

"आहे. साखर अजून दोन चमचेच ना?"

"हो. दारू सोडली मी, वेल्मा."

"चांगलं केलंस." त्याचे हात खरंच कापत नव्हते.

"या रस्त्यावरची एकेक खानावळ पालथी घातली. तुझ्यावाचून माझं अडतंय गं."

हे वाक्य ऐकायला ती किती दिवस थांबली होती, हे तिचं तिलाच आता कळलं. किटली खाली ठेवून, कामावर असतानाही ती त्याच्यासमोर बसली. क्लीटस पाहत होता, पण तिला त्याची फिकीर वाटली नाही.

"मग?" तिने हळूच विचारलं.

डेल्मर पुढे वाकला. "कंपनी नवीन गाणं मागतेय. मला काही सुचत नाही, तुला ठाऊकच आहे. जाताना चिठ्ठीत सगळं लिहून ठेवलंस ना, तसंच अजून एक लिही. फक्त या वेळी तू परत आलीस, असं लिही."