उलटं बसलंय

"लोकांच्या बहिणी पळून गेल्या तर निदान मेव्हणा तरी सापडतो कॉलर धरायला. तू पळालीस देवाकडे. मी कुणाची कॉलर धरू?"

शाळेच्या व्हरांड्यात मेकॅनिक तावातावाने भांडत होता. समोर धाकटी बहीण. पांढरा झगा, डोक्यावर करडं कापड, आणि चेहरा इतका शांत की त्याचं डोकं आणखी तापलं. आईबाप गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं होतं, गॅरेजात, टायरच्या ढिगावर बसवून. मग एक दिवस कॉन्व्हेंटची खटारा गाडी दुरुस्तीला आली. गाडीतल्या सिस्टरांशी हिची गट्टी जमली, आणि ही त्यांच्यामागे गेली ती गेलीच. गाडी त्यानेच चालू करून दिली होती. ते त्याला अजून खात होतं.

उद्या ती कायमचं व्रत घेणार होती. मग संपलंच. म्हणून तो आज तिला न्यायला आला होता.

"बॅग भर. तुझी भाची गणितात नापास झालीय. शिकवायची एवढी हौस आहे ना, मग घरच्या दगडाला शिकव."

"दादा, घंटा झाली. एवढा तास होऊ दे, मग बोलू. मागे बस."

"मी? वर्गात?"

"मग उन्हात उभा राहा."

तो शेवटच्या बाकावर बसला. गुडघे मावेनात. लहानपणी असाच शेवटच्या बाकावर बसायचा तो. मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले होते, याच्या डोक्यात दगड भरलेत. त्याच दिवशी त्याने दप्तर भिरकावलं, ते परत उचललं नाही.

फळ्यापाशी एक मुलगी भागाकारात अडकली. उत्तर भलतंच आलं. वर्ग फिदीफिदी हसला. आता या पोरीचं काही खरं नाही, मेकॅनिकला वाटलं.

सिस्टरने आवाज चढवला नाही. वर्गाकडे नुसतं बघितलं. हसणारे गप्प झाले. मग तिने खाली पडलेला खडू उचलून मुलीच्या हातात दिला.

"चुकलं नाही. उलटं बसलंय. खोल, परत बसव."

मेकॅनिकने झटकन मान वर केली. हे त्याचं वाक्य होतं. लहानपणी हवेच्या पंपाचा वॉशर उलटा बसवून बहीण रडत बसली होती, तेव्हा तो हेच बोलला होता. त्याला स्वतःला असं कधी कुणी म्हणालं नव्हतं, म्हणून.

मुलीने पुसलं. परत मांडलं. जमलं.

तास संपला. बहीण बाकापाशी आली.

"मदरनी विचारलं होतं, शिकवायला कुठे शिकलीस? मी म्हटलं, गॅरेजात." ती हसली. "बोल आता. भरू बॅग?"

तो उठला. गुडघा बाकावर आपटला, तरी शिवी आली नाही तोंडात.

"राहू दे. उद्या येतो, तुझ्या भाचीला घेऊन."

"अरे, पाणी तरी पी."

"नको. सकाळी पोरीला दगड म्हणालोय. निघायला हवं मला."