अर्धा किलो माती

"रंगराव, तालुक्यात तुमच्या मातीचा पहिला नंबर!" कृषी सहाय्यक मॅडम स्कूटीवरून उतरता उतरताच म्हणाल्या. "सेंद्रिय कर्ब सव्वा टक्का! बाकीच्यांच्या उसात पाव टक्कासुद्धा सापडत नाही. चला, मला ते रान बघायचंय."

रंगरावांना चहाचा ठसका लागला. वीस वर्षं उसामागं ऊस, पाटाचं पाणी आणि पोत्यांनी युरिया. तपासणीसाठी मातीचा नमुना घ्यायच्या दिवशी रानात कुदळ शिरेना. चौथ्या घावाला दांडाच मोडला. मग त्यांनी घरी येऊन परसातल्या अळूच्या वाफ्यातली अर्धा किलो माती पिशवीत भरली आणि चिठ्ठीवर गट नंबर लिहिला उसाच्या रानाचा. शेवटी माती ती मातीच की!

"अवं, सांगून टाका की," दारातून बायको, हौसाबाई, म्हणाली. मग तीच खरं काय ते सांगून मॅडमना परसात घेऊन गेली. मॅडमनी वाफ्यात बोटं खुपसली, तर हात मनगटापर्यंत आत गेला आणि दोन गांडुळं वळवळत वर आली.

"काकू, यात घालता तरी काय?"

"शेण, खरकटं आन् उसाचं पाचट, वाळला पाला. ऊस तुटल्यावर आमचे हे रानातलं पाचट पेटवायला निघाले, की मी आधी चार भारे उचलून आणते."

मॅडम हसत हसत गेल्या. रंगरावांनी वाफ्यातली मूठभर माती हातात चुरून बघितली. मग खिशातली काडेपेटी काढून त्यांनी हौसाबाईच्या हातावर ठेवली.

"चुलीपाशी ठेव," ते म्हणाले. "यंदा रानात न्यायची न्हाई."