प्रसादाचा हात

खोकल्याच्या उबळीसरशी नरहरशास्त्रींचे मुख खारट पाण्याने भरले आणि पाठोपाठ द्राक्षाच्या सालीसारखे काही पांढरे, बुळबुळीत पिकदाणीत पडले.

"ही पट्टकृमीच्या फुटलेल्या गाठीची साल," छातीचा स्कॅन पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशी आणखी एक गाठ फुप्फुसात आहे. शस्त्रक्रिया करू, मग गोळ्या. कुत्रा पाळलाय का, काका?"

"शिव शिव! आमचं घर सोवळ्याचं. दत्तमंदिरातला मोत्या तेवढा माझ्या तळहातावरून नैवेद्य खातो. उरलेला घास मग मी घेतो."

"हात न धुता?"

"प्रसादाचा हात कोणी धुतं का, बाई?"

"तुमचा मोत्या खाटकाच्या दारातली मेंढरांची अशाच गाठींची फुप्फुसं खातो. त्यातून कृमी त्याच्या आतड्यात, अंग चाटताना कृमीची अंडी त्याच्या जिभेवर, आणि तिथून तुमच्या घासात."

शास्त्रींनी तळहात उपरण्याला पुसला, पुन्हा पुसला.

बरे होऊन ते देवळात परतले, तेव्हा लाळ गाळीत मोत्या धावत आला. पेढ्यात जंतांची गोळी दडवून शास्त्रींनी तो दूर जमिनीवर ठेवला. पेढा संपवून मोत्या सवयीने आला आणि त्यांचा तळहात चाटून गेलाच.

मूर्तीच्या पायांशी बसलेल्या चार श्वानांना नमस्कार करून शास्त्रींनी प्रसादाचा हात साबणाने कोपरापर्यंत घासून धुतला. मग डोळे मिटून घास मुखात घातला. त्याला साबणाचा वास येत होता. शास्त्रींनी तो निमूटपणे गिळला.